काचेच्या पेटीतले रान

मराठीत काय किंवा कन्नडमध्ये काय, ‘कूपमंडूक’ हा शब्द आपण संकुचित दृष्टीच्या माणसाला उद्देशून वापरतो. विहिरीतल्या बेडकाला बाहेरचे जग ठाऊक नसते, असा त्यामागचा अर्थ. परंतु त्या विहिरीत बेडूक जगतो कसा आणि जगण्यासाठी त्याला तेथे काय काय मिळावे लागते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक लहानशी विहीर आहे. फरक एवढाच की ती काचेची असून माणसाने बांधलेली आहे. तिला व्हिव्हेरियम म्हणतात. मत्स्यालयात जसे पाणी, तसे व्हिव्हेरियममध्ये एक छोटेसे रान असते: माती, पाचोळा, नेचे, मॉस, सूक्ष्म जीव आणि त्यांच्या आधाराने राहणारा एखादा प्राणी.

मी व्यवसायाने प्राणिशास्त्राचा अध्यापक. संशोधनाच्या निमित्ताने नेदरलँड्समधील लायडन येथे दोन वर्षे राहण्याचा योग आला. माझे घरमालक निवृत्त शिक्षक होते व त्यांच्या घरात अशा सहा पेट्या होत्या. सातवी पेटी आम्ही दोघांनी मिळून उभी केली. पुढील वर्णन त्या सातव्या पेटीचे आहे.

कातडी हाच पाया

विद्यार्थी मित्रांनो, बेडकाची पेटी कशी बांधावी याचे उत्तर बेडकाच्या कातडीत आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूला, मागील पायांलगत असलेल्या पातळ कातडीतून तो पाणी शोषून घेतो. फुप्फुसे असली तरी श्वसनाचा बराच भाग ओल्या कातडीवरूनच चालतो. शरीरातील क्षारांचा समतोल राखण्याचे कामही तीच करते. म्हणजे आपल्या बाबतीत तोंड, फुप्फुसे आणि काही अंशी मूत्रपिंडे जी कामे करतात, त्यांतला मोठा वाटा येथे एका ओल्या पडद्याने उचललेला आहे.

या पडद्याला कवाड नाही. हवा कोरडी झाली की शरीरातील पाणी बाहेर जाते. मातीत अमोनिया साचला किंवा पाण्यात क्लोरीन असला की तो आत येतो. कुत्र्यामांजराला न आवडणारी वस्तू त्याने टाळावी अशी सोय असते. बेडूक ज्यावर बसला आहे तेच त्याच्या रक्तात उतरत असते. म्हणून पेटीतील प्रत्येक वस्तू निवडताना आम्ही एकच प्रश्न विचारीत होतो: ही कातडीला चालेल काय?

कोणता बेडूक?

आमची पेटी होती डेंड्रोबेटीस टिंक्टोरियस या जातीसाठी. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि लगतचा ब्राझील येथील वर्षावनात हा बेडूक राहतो. लांबी सुमारे चार ते पाच सेंटिमीटर. रंग काळा, पिवळा, निळा. कुविएने १७९७ साली त्याचे वर्णन केले. सुरिनाम १९७५ पर्यंत डच राजसत्तेचा भाग होते, त्यामुळे या बेडकांचा आणि नेदरलँड्सचा संबंध जुना आहे. त्याचा सुप्रसिद्ध निळा प्रकार सुरिनामच्या दक्षिणेकडील सिपालिविनी भागात सापडला आणि लायडनच्या संग्रहालयातील हूगमूड यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन केले. त्या वेळी त्यांनी त्याला स्वतंत्र जात मानले होते. आता तो टिंक्टोरियसचाच एक प्रकार समजला जातो. कोरड्या गवताळ माळाने वेढलेल्या लहान लहान वनखंडांत तो राहतो. या वनखंडांबाहेर त्याच्या कातडीला जगता येत नाही. निसर्गानेच तेथे त्याला एका पेटीत ठेवले आहे म्हणा ना!

या कुळातील बेडूक विषारी म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु हे विष ते स्वतः तयार करीत नाहीत. रानातल्या मुंग्या, कोळीवर्गातील सूक्ष्म माइट आणि इतर कीटक यांच्यातील अल्कलॉइडे खाण्यातून शरीरात येतात आणि कातडीत साठतात. पेटीत जन्मलेल्या व फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ती नसतात. एखाद्या प्राण्याचा स्वभावधर्म वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात त्याच्या परिसराची असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पेटी आणि निचरा

आमच्या पेटीची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ४५ आणि उंची ४५ होती. एका जोडीला एवढी जागा पुरते. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना दाबून टाकतात, म्हणून संख्या वाढवू नये. दरवाजा समोरून असावा. वरून हात आला की प्राणी घाबरतो.

तळाशी पाच सेंटिमीटर जाडीचा, भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा थर दिला. त्यावर नायलॉनची बारीक जाळी अंथरली आणि जाळीच्या वर माती घातली. तळाच्या एका कोपऱ्यात काचेला भोक पाडून तोटी बसवली. हा निचऱ्याचा थर पुढे दिसत नाही, परंतु सगळी पेटी त्याच्यावर अवलंबून असते. एक लहानसे गणित करून पाहा. तळाचे क्षेत्रफळ ६० × ४५, म्हणजे २७०० चौरस सेंटिमीटर. त्यावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे २.७ लिटर. रोज १५० मिलिलिटर पाण्याचा फवारा मारला आणि त्यातले काहीच उडून गेले नाही असे धरले, तर १८ दिवसांत मोकळ्या तळात एक सेंटिमीटर पाणी साचेल. तळात गोळ्या असल्याने जागा कमी, म्हणून पातळी त्याहून लवकर चढते. पाणी जाळीला टेकले की माती ते वर शोषते, मातीतील हवा संपते, प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू वाढतात आणि कुजका वास येऊ लागतो. पहिला फटका बसतो तो अर्थातच कातडीला. म्हणून तोटी आठवड्यातून एकदा उघडावयाची.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट. नेदरलँड्समध्ये नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवीत नाहीत, आपल्याकडे ठेवतात. असे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवले तर क्लोरीन निघून जाते. मात्र क्लोरामाइन वापरलेले असेल तर ते असे उडून जात नाही, त्यासाठी वेगळे औषध घालावे लागते. फवाऱ्यासाठी आम्ही क्षार काढलेले पाणी वापरीत होतो, म्हणजे काचेवर पांढरे डाग पडत नाहीत.

माती, पाचोळा आणि सफाई करणारे

मातीचा थर सहा-सात सेंटिमीटरांचा. शेतातली काळी किंवा तांबडी माती येथे चालत नाही, ती घट्ट बसते. नारळाच्या काथ्याचा भुसा, झाडाच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळशाचे खडे आणि स्फॅग्नम मॉस यांचे मिश्रण आम्ही घेतले. हे मिश्रण ओले राहते, पण मुठीत दाबले तरी चिखल होत नाही.

त्यावर तीन-चार सेंटिमीटर पाचोळा. या कामासाठी जगभर ज्या पानांना मागणी आहे त्यांत देशी बदामाची पाने आहेत. लायडनच्या दुकानात ती पाकिटात घालून विकत मिळत. आपल्याकडे तीच लालबुंद पाने अंगणातून झाडून जाळून टाकतात! पाने कीटकनाशक न मारलेल्या झाडाची असावीत आणि वापरण्यापूर्वी उकळून घ्यावीत.

या पाचोळ्यात सफाई करणारे जीव सोडावे लागतात. त्यांतले पहिले स्प्रिंगटेल: मिलिमीटरभर लांबीचे, पांढरे, शेपटीकडील अवयवाच्या झटक्याने उडी घेणारे. ते बुरशी खातात. दुसरे वुडलाउस: आपल्या ओल्या कुंडीखाली सापडणारे चौदा पायांचे करडे जीव त्यांच्याच नात्यातले. ते कुजणारी पाने आणि विष्ठा फोडून बारीक करतात. त्यातून सुटणाऱ्या अमोनियाचे जीवाणू प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात आणि नायट्रेट मुळे शोषून घेतात. वनस्पतिशास्त्राच्या तासाला फळ्यावर काढतात ते नत्रचक्र हेच. येथे ते पाव चौरस मीटरहून थोड्याच मोठ्या जागेत फिरते आणि फिरायचे थांबले तर बेडूक मरतो.

म्हणूनच पेटी तयार झाल्यावर बेडूक लगेच आणावयाचा नसतो. आमची पेटी सहा आठवडे रिकामी होती. या काळात पहिली बुरशी येते, स्प्रिंगटेल वाढतात, बुरशी मागे हटते, रोपे मूळ धरतात. पाहुण्यांना ती पेटी रिकामी वाटे. वस्तुतः तेव्हाच तिच्यात सर्वांत अधिक घडामोडी चाललेल्या असतात.

वनस्पती, प्रकाश आणि हवा

मागील काचेला कॉर्कच्या झाडाची साल चिकटवली आणि तिच्यावर ब्रोमेलिअड, लहान नेचे व काचेला धरून चढणारा फायकस प्युमिला लावला. आपल्या परिचयाचा मनीप्लांटही येथे उत्तम वाढतो. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची मुळे धुवून जुनी माती पूर्ण काढावी. तिच्यात खत व कीटकनाशक असण्याचा संभव असतो.

दिवा बारा तास. तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस. ३० च्या जवळ गेले तर या बेडकाच्या जिवाला धोका असतो. वर्षावन म्हणजे उष्ण, असा आपला समज असतो, पण दाट रानाच्या जमिनीवर सावली आणि ओल असल्याने ऊन पोचत नाही. बेळगावात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३५ च्या पुढे जातो. वातानुकूलित खोलीशिवाय असा बेडूक येथे उन्हाळा काढणार नाही.

आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास हवी, परंतु पेटी हवाबंद करून ती मिळवणे योग्य नव्हे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीत आपोआप उगवलेला नेचा दिसला आणि त्यातून वनस्पती वाहून नेण्याच्या काचपेट्या निघाल्या. चीनमधून चहाची रोपे भारतात आली ती अशाच पेट्यांतून. नेच्याला बंद बाटली मानवते. बेडकाला हवा खेळती लागते. म्हणून दरवाजाखाली एक आणि छताला एक अशी जाळीची पट्टी ठेवतात. दिव्याने तापलेली हवा वरून जाते, ताजी हवा खालून येते. दिवसातून काही वेळ पाने कोरडी झाली पाहिजेत. सतत निथळणारी पेटी रोगट समजावी.

अन्न

येथे आपल्या आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेची आठवण येते. टिंक्टोरियसचे मुख्य खाद्य ड्रोसोफिला, म्हणजे फळमाशी. उडून जाणारी माशी बेडकाला सापडत नाही, म्हणून पंख आखूड असलेली किंवा उडू न शकणारी जात वाढवतात. टी. एच. मॉर्गन यांना गुणसूत्रांवरील संशोधनासाठी १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेत अभ्यासलेला ‘व्हेस्टिजिअल’ उत्परिवर्तक आपले विद्यार्थी एकास तीन हे प्रमाण मोजण्यासाठी वापरतात. तोच येथे बेडकाचे जेवण होतो. मात्र ही जात उष्ण खोलीत वाढवली तर तिचे पंख अधिक वाढतात. जनुक आणि परिसर यांचा संबंध शिकवण्यास याहून सोपे उदाहरण नाही.

माशी देण्यापूर्वी ती कॅल्शियम व ड-जीवनसत्त्वाच्या भुकटीत घोळवावी लागते, नाहीतर हाडे मऊ होतात. अ-जीवनसत्त्व कमी पडले तर जिभेवरील चिकटपणा जातो. बेडूक नेम धरतो, जीभ माशीला लागते, पण माशी चिकटत नाही. भरल्या ताटावर उपाशी राहण्याचा हा प्रकार होय.

करवंटीतला संसार

जोडी स्थिरावली की पाचोळ्यावर नारळाची अर्धी करवंटी पालथी घालतात, तिला कडेला लहान दार कापतात आणि आत पेट्री डिश ठेवतात. मादी त्या डिशमध्ये मोजकीच अंडी घालते. नर ती ओली ठेवतो. साधारण दोन आठवड्यांनी अंड्यांतून भैकेर, म्हणजे टॅडपोल, बाहेर येतात; रानात नर त्यांना पाठीवर घेऊन झाडाच्या ढोलीतील पाण्यात नेऊन सोडतो. लायडनच्या त्या पेटीत नराच्या पाठीवर दोन काळे ठिपके हलताना मी पाहिले. वीस वर्षे उभयचरांचे जीवनचक्र फळ्यावर काढीत आलो होतो; त्या आकृतीत पित्याला कोठेच जागा नव्हती.

पेटीबाहेरचे रान

आता या विषयाची गंभीर बाजू. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील निळ्या डेंड्रोबेटीसच्या कातडीतून एक बुरशी वेगळी काढण्यात आली आणि १९९९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव ठेवले बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबेटिडिस. ही कायट्रिड बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते, क्षारांची ये-जा बिघडवते आणि अखेर हृदय बंद पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार या रोगगटामुळे जगातील किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांतील ९० जाती नामशेष झाल्याचे मानले जाते. उभयचरांचा व्यापार हा या बुरशीच्या प्रसाराचा एक मार्ग ठरला. पेटीसाठी जे तापमान उत्तम, तेच या बुरशीलाही मानवते, हे विशेष लक्षात घ्यावे.

म्हणून नवा बेडूक प्रथम साध्या डब्यात, ओल्या कागदावर, निदान दोन महिने वेगळा ठेवतात व कातडीवरून बोळा फिरवून तपासणी करतात. तोटीतून काढलेले पाणी बागेत किंवा गटारात ओतीत नाहीत. उकळून किंवा ब्लीच घालून मगच टाकतात. आमच्या घरमालकांच्या सर्व नियमांत हा नियम सर्वांत कडक होता. आपण जे पाणी ओततो ते दुसऱ्या कोणाची तरी कातडी पिणार आहे, हे त्यामागचे कारण.

आपल्यासाठी हे कारण दूरचे नाही. बेळगावहून दोन तासांच्या अंतरावर आंबोली आहे. तेथील झँथोफ्राइन टायगेरिना या भेकाचे वर्णन २००९ मध्ये झाले आणि आज तो अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. उत्तर सह्याद्रीतील बेडकांत कायट्रिड बुरशीची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे. तेव्हा सहलीला गेले असता रानातला बेडूक पिशवीत घालून आणणे हे कायद्याने तर चूकच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यासाठी आहे. विदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या यादीत आहेत, आणि डेंड्रोबेटीस त्यात आहे, त्या बाळगणाऱ्यास २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी करावी लागते. परंतु कायदा नसता तरी शास्त्राने हेच सांगितले असते.

मग आपण काय करावे?

माझ्या पिढीने डिसेक्शन ट्रेमध्ये ‘राना टायग्रिना’ चिरून बेडूक शिकला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते बंद करण्यास सांगितले. ट्रे गेले हे चांगलेच झाले. पण त्यांच्या जागी आपण पडद्यावरचे चित्र आणले. बेडकाच्या आत काय असते ते त्यात दिसते; बेडकाला बाहेर काय लागते ते दिसत नाही.

माझी सूचना साधी आहे. आपल्या विभागात कपाटावर एक जुने मत्स्यपात्र पडून आहे. त्यात बेडूक न ठेवता ही पेटी उभारावी. तळाला विटांचे खडे, त्यावर जाळी, काथ्याचा भुसा, कोळसा, महाविद्यालयाच्या आवारातील देशी बदामाची पाने, दोन नेचे, कुंडीखालचे चौदा पायांचे जीव. रोज सकाळी तापमान आणि आर्द्रता वहीत लिहावी, आठवड्याला तळातील पाणी मोजावे, त्यातील अमोनिया व नायट्रेट रसायनशास्त्र विभागाकडून तपासून घ्यावे. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत वही ठेवली तर उत्तम. बेडूक आणि कप्पे यांना पाणी एकच लागते.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की आवाराच्या खालच्या अंगाला पाणी साचते आणि रात्री बेडूक ओरडू लागतात. ते कोणी पाळलेले नाहीत. त्या पाण्यात सांडपाण्याचा साबण उतरतो काय, गवतावर मारलेले तणनाशक उतरते काय, पाचोळा जाळून आपण त्यांचे घर जाळतो काय, हे प्रश्न ज्याने वर्षभर ती रिकामी पेटी सांभाळली आहे त्याला आपोआप सुचतील. मत्स्यपात्र उतरवण्यास दोन विद्यार्थी पुरेत. पुढच्या सोमवारी मी प्रयोगशाळेत थांबणार आहे.